गवताखालची माती

आबा,

पाझर तलावावरच्या त्या खड्ड्याची गोष्ट साहेबांना मी सांगितली होती. तात्यांनी नाही.

तेव्हा तुम्ही पेठकडच्या रोजगार हमीच्या कामावर मुकादम होता आणि मी डिप्लोमाच्या सुट्टीत टेप धरायला तुमच्याबरोबर यायचो. प्रत्येक टोळीने आपल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवायचा, त्याच्या डोक्यावरचं गवतही तसंच ठेवायचं. मूळ जमीन कुठवर होती ते त्यावरून कळतं, खोली मोजता येते आणि त्या खोलीवरच मजुरी ठरते. त्या दिवशी तापातून नुकत्याच उठलेल्या एका बाईने खांबावरचं गवत अलगद उचलून खाली वीतभर माती थापली होती आणि गवत परत बसवलं होतं. तुम्ही ते पाहिलंत. तुमचे सोबती, भजनात मृदंग वाजवणारे तात्या, त्यांनीही पाहिलं. "लय वाढला गं तुझा खांब, खत घातलं का काय?" तात्या हसले, आणि तुम्ही दोघं पुढे निघालात. टेप गुंडाळत मागे राहिलेल्या मीही ते पाहिलं होतं, आणि माझ्या डोक्यात नवी विद्या वाजत होती. मोजमाप तपासायला आलेल्या साहेबांना पाण्याच्या पिंपाशी गाठून मी बोललो. त्यांनी बुटाने गवत उडवलं आणि सगळ्या टोळीचं काम नामंजूर केलं. आठवड्याच्या आत ती टोळी दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर गेली. ती बाईही गेली, धड चालता येत नसताना.

घरी जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "आमी दोघांनीच पाह्यलं व्हतं. म्या तर सांगितलं नाय." मी ताटात बघत राहिलो. त्यानंतर तात्यांचा मृदंग आपल्या ओट्यावर कधी वाजला नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी ते अंगणाच्या कडेला उभे होते. खांदा द्यायला त्यांना कोणी पुढे बोलावलं नाही. मीही नाही.

आता ती मोजमापं मी घेतो. हजेरी मोबाइलवर लागते, पण खांब अजून तसाच ठेवतात. परवा आपल्याच शिवारात शेततळ्यावर एका खांबावरचं गवत सुकून पिवळं पडलेलं दिसलं, म्हणजे तेही उचलून परत बसवलेलं. मी काही न बोलता पुढे गेलो. त्यात मोठेपणा नाही. या टोळीला सोडलं म्हणून त्या टोळीचं काही भरून येत नाही. तेवढ्यात तात्या काठी टेकत बांधावर आले.

"सायब झाला रं तू! उन्हात डोक्याला काय तरी बांध. बापासारखाच हट्टी." मग म्हणाले, "तुझा बाप माझ्याशी बोलायचा का थांबला, मला आजून कळलं नाय. तुला कधी काय बोलला व्हता का?"

"नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी दिवा लावून देवापुढे सगळं बोललो. देव उलटून विचारत नाही. तुम्हीही विचारणार नाही, म्हणूनच हे तुम्हाला लिहायला घेतलं. तात्यांचं घर इथून चार घरं सोडून आहे. दार उघडं दिसतंय. मी अजून उठलेलो नाही.