वाचक नावाचं खातं

५ मार्च

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की माझं डोकं चालेनासं झालंय आणि तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही. फोन दुकानात, ह्यांच्या कोपराशी. त्यावर मी काय बोलणार कपाळ! म्हणून कागदच बरा.

सकाळी ह्यांचं फ्रेमचं दुकान उघडलं की मी लायब्ररीत जाते, तुला माहीतच आहे. तिथल्या ग्रंथपाल बाई सांगत होत्या की एक नवी साइट निघाली आहे, तिथे नाव टाकलं की हरवलेलं माणूस समोर येतं. त्यांना त्यांची शाळेतली मैत्रीण सापडली. ऐकलं आणि हातातलं पुस्तक मी तिथेच ठेवून दिलं. माझा ढब्बू घर सोडून गेला त्याला तीन वर्षं होतील. मला त्याच्याकडून काही नको गं. तो आहे, जेवतो-खातो, एवढं कळलं तरी मी सुखाने डोळे मिटेन. पण तिथे काही बघायचं तर आधी आपण सभासद व्हावं लागतं म्हणे.

ह्यांच्यापाशी विषय काढला. काच कापता कापता मान वर न करता म्हणाले की ह्या घरात ते नाव घ्यायचं नाही. आणि दुकानाच्या दर्शनी खिडकीत, सगळ्यात मोठ्या फ्रेममध्ये, ढब्बूचा शाळेतला फोटो अजून तसाच आहे. हनुवटीवर किमतीची चिठ्ठी चिकटवली आहे. गिऱ्हाईकाने ती फ्रेम मागितली की विकायची नाही म्हणतात. काय म्हणावं ह्या माणसाला!

तू दवाखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस. होऊ का सभासद? तू सांगशील ते करीन. दातवाल्या डॉक्टरांना नमस्कार, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

९ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

मुद्दाम पत्र लिहिते आहे. मागे त्या साइटवर तुझ्या फोटोखाली तुझ्या गळवाची चौकशी केली आणि तुझ्या अख्ख्या वर्कशॉपने ती वाचली, तेव्हापासून मी तिथे तोंड उघडायचं नाही असं ठरवलंय.

तुझी आई सभासद होणार म्हणते आहे. ध्यानात येतंय ना? ती तुझं नाव टाकणार आणि समोर काय येणार? तुझ्या लग्नात तुझ्या बायकोशेजारी बत्तिशी दाखवत उभी असलेली मी, आणि चिमीला मांडीवर घेऊन बसलेली मी. आणि हीच मी दर पत्रात तिला लिहिते की ढब्बूचा काही ठावठिकाणा नाही. अरे, मला कोणत्या तोंडाने तिच्यासमोर उभं करणार आहेस?

मला शपथेतून मोकळं कर. तिला एकदाच सांगू दे की तू बरा आहेस. ते जमत नसेल तर निदान माझे फोटो तरी काढ. काल दात काढायला आलेल्या माणसाला मी दात साफ करायच्या रांगेत बसवलं, इतकं माझं चित्त थाऱ्यावर नाही. चिमीला पापा. सूनबाईला सांग की मावशी फार अडचणीत आहे.

तुझी,
मावशी

१४ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

नाही म्हणजे नाही. रागावू नकोस, पण तू तिथे नव्हतीस. बाबा म्हणाले की एकदा नवरा सोडून आलेली बाई ह्या घरात सून म्हणून येणार नाही, तिच्याशी लग्न करायचं तर घराकडे पाठ फिरवायची. बाबांचं सोड, ते बोलले तरी. आई ओट्यापाशी एकच पातेलं पुसत होती. पुसून पुसून त्याचं बूड झिजवलं असेल. मी बूट घालून दारात उभा राहिलो, तिच्या एका शब्दासाठी. माझी बायको जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. पुन्हा तिला त्या तोंडी मी देणार नाही.

तू सांगितलंस तर आम्ही हे घर बदलू, साइटवरून जाऊ, आणि मग चिमी तुलाही दिसायची नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहितो आहे. फोटो बायकोच्या हौसेचे आहेत, ते राहतील.

परवा एका इमारतीत लिफ्ट अडकली. मी वरून यंत्र खोलत होतो आणि आत अडकलेले आजोबा मला धीर देत होते. चिमीला खालचे दोन दात आलेत. दवाखान्यातर्फे तपासणीला ये.

लोभ आहेच, तो शपथेसकट असू दे.

तुझा,
ढब्बू

१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

नको. अजिबात नको. ताई, त्या साइटा पोरासोरांच्या असतात. तिथे चेहऱ्यांची चोरी होते. आमच्या डॉक्टरांच्या बायकोचा फोटो कुणीतरी उचलला आणि केस गळतीच्या तेलाच्या जाहिरातीत लावला, तेल लावण्याआधीचा म्हणून! शिवाय डोळे बिघडतात. भावोजींना कळलं तर ते घर डोक्यावर घेतील ते वेगळंच.

आणि समज, तो तिथे नसलाच तर? तू हाय खाशील. ढब्बू जिथे असेल तिथे मजेत असेल, माझं मन मला सांगतं. तू पुस्तकं वाच, तब्येत सांभाळ. तुझ्या पाया पडते, पण ह्या फंदात पडू नकोस. माझं एवढं ऐक आणि आपली मानून घेत राहा.

तुझी,
ठमी

२४ मार्च

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. तू मला जन्मात कशाला नको म्हणाली नाहीस. भिंतीवर चढवलंस, वेणी कापायला लावलीस, घरी बोलणी मी खाल्ली. आणि आता तेलाच्या जाहिरातीला घाबरतेस होय गं?

तुझं मन सांगतं की तो मजेत आहे. माझं मन काय काय सांगतं ते लिहिलं तर तुला झोप येणार नाही. रस्त्यात रुग्णवाहिका गेली की मी उभीच राहते. पेपरात बेवारस माणसाची बातमी असली की आधी वय बघते. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तेव्हापासून मी रोज त्याच्याशी मनातल्या मनात बोलते आहे. आता हे सहन होत नाही, ठमे. खरंच होत नाही.

तुझ्या शब्दाबाहेर जाते आहे. येत्या आठवड्यात ग्रंथपाल बाई मला खातं उघडून देणार आहेत. रुसायचं तर रूस, पण पत्र धाडत जा.

तुझी,
ताई

२७ मार्च

ढब्बू,

ती आठवड्याभरात सभासद होते आहे. बाबा रे, काहीतरी कर. हे पत्र वेळेत पोचतंय की नाही तेही मला माहीत नाही. तू तुझ्या आईला सोडून जगू शकतोस, तुला बायको आहे, चिमी आहे. मला एकच ताई आहे. ती गेली तर माझं आपलं म्हणावं असं कुणी उरत नाही.

मावशी

२ एप्रिल

ठमी,

पाहिलं.

लायब्ररीतला कॉम्प्युटर म्हातारा आहे, फोटो वरून खाली हळूहळू उघडतो. आधी त्याचं कपाळ आलं. केस मागे हटलेत गं त्याचे. मग डोळे, मग शेजारी ती. माणूस मोकळं हसतंय, चेहऱ्यावरून चांगली वाटली. दुसऱ्या फोटोत आधी फ्रॉक घातलेलं एक बाळ आलं. मग त्याच्या पोटाभोवतीचा हात. चेहरा दिसायच्या आधी मी तुझा हात ओळखला. बाईंनी पाणी आणून दिलं.

मी तुला रडून पत्रं लिहायची आणि तू माझ्या नातीला मांडीवरून खाली ठेवून उत्तरं लिहायचीस की काही ठावठिकाणा नाही. अगं, एवढं काळीज कुठून आणलंस? समोर असतीस तर झिंज्या उपटल्या असत्या तुझ्या. ह्याआधी दोनदा पत्र लिहिलं आणि फाडलं, त्यातली भाषा तुझ्या डॉक्टरांनाही ऐकवली नसती.

आता नीट ऐक. मैत्रीसाठी विचारायचं एक बटण असतं. बाई ते दाबणार एवढ्यात मी त्यांचा हात धरला. मी आले आहे हे कळलं तर तो दार लावून घेईल. तिथे माझं नाव वाचक आहे, फोटो नाही. बाई छातीठोकपणे सांगतात की नुसतं बघितलेलं त्याला कळत नाही. तर मी रोज सकाळी जाणार, बघणार आणि परत येणार. साइट उघडली की आधी मला सांगते की तुम्हाला एकही मित्र नाही. आगाऊ मेली.

त्याचं गुपित तीन वर्षं माझ्यापासून ठेवलंस, आता माझं त्याच्यापासून ठेव. तुला सराव आहेच. ह्या पत्राचं उत्तर नको. फक्त बाळाला हाक काय मारतात ते एका ओळीत कळव.

आज आशीर्वाद लिहवत नाही. पण तुला तोडूनही टाकवत नाही, काय करू?

ताई

२० मे

ठमी,

तुझी सगळी पत्रं मिळाली. शिव्या अजून शिल्लक आहेत, त्या भेटीत देईन. आत्ता माझं ऐक. लायब्ररीला कुलूप लागलंय. छप्पर गळतं म्हणून काम काढलंय, पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत बंद.

इतके दिवस रोज नवा फोटो असायचा. चिमी चमचा धरून, चिमी बादलीत बसून, चिमी टेबलाचा पाय धरून उभी. मला वेडीला वाटायचं की कुणीतरी माझ्यासाठीच ताजं वाढून ठेवलंय. आता काहीच नाही. मी रोज त्या इमारतीला फेरी मारून येते. रखवालदार मला खुळी समजतो. दुसरा कॉम्प्युटर ह्यांच्या मित्राच्या दुकानात, तिथे बसले तर संध्याकाळी ह्यांच्या कानावर जाणार. आधी तीन वर्षं काही दिसत नव्हतं तरी दिवस ढकलले, आता दिसलेलं बंद झालं तर ढकलवत नाहीत.

तू रोज बघून मला लिहून पाठव. काय घातलंय, कुठे बसली आहे, कोण हसतंय. पाल्हाळ लाव, तुझं पाल्हाळ पहिल्यांदाच मला हवंय.

आशीर्वाद. हो, लिहिला.

तुझी,
ताई

३ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

एवढं लिहिलं आणि पेन पुढे जाईना. चहा पिऊन पुन्हा बसलो.

आई, त्या साइटवर आपलं पान कोण येऊन बघून गेलं हे ज्याचं पान त्याला दिसतं. तुला कुणी सांगितलं नसावं. एप्रिलपासून रोज सकाळी वाचक नावाचं कुणीतरी येतं. फोटो नाही, मित्र नाहीत. जन्मतारीख मात्र आहे, आणि ती माझी आहे, सालासकट. शाळेत, दवाखान्यात, कुठल्याही खिडकीवर जन्मतारीख विचारली की तुझ्या तोंडून माझीच निघायची आणि मग तू जीभ चावायचीस. इथे कुणी थांबवलं नसेल तुला.

पहिल्या दिवशी मी पान बंद करायला उठलो होतो, खोटं सांगत नाही. डोकंच फिरलं होतं. पण नाही केलं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना चिमीचा चमचा धरलेला फोटो टाकला, आणि दुपारी डबा न उघडता आधी पाहिलं, तर तू येऊन गेली होतीस. मग रोजच टाकायला लागलो. बायको म्हणाली की एवढी फोटोंची हौस तुला कधीपासून? तिला सांगितलं. तेव्हापासून पुढचे फोटो तीच काढून द्यायला लागली.

आणि आता तू येत नाहीस. आधी वाटलं की माझं काही चुकलं. मग वाटलं बाबांना कळलं. मग तू आजारी असशील, आणि त्याच्या पुढचं जे वाटतं ते मी लिहीत नाही. काल कामावर चुकीचा बोल्ट आवळला, मुकादम अंगावर धावून आला. मावशीला विचारणार होतो, पण ती खरं सांगते की नाही हे आता मलाही कळेनासं झालंय. म्हणून तुलाच विचारतो. तू बरी आहेस ना?

त्या दिवसाचा राग गेलेला नाही. आई, तो इतक्यात जाईल असंही वाटत नाही. पण म्हणून तू येणं थांबवू नकोस. बाबांमुळे पत्र लिहिता येत नसेल तर लिहू नकोस, मैत्रीचं बटण दाबू नकोस, काही करू नकोस. फक्त एका सकाळी येऊन बघून जा, म्हणजे मला कळेल.

चिमी चालायला लागली. तो फोटो अजून टाकलेला नाही.

तुझा,
ढब्बू