पिशोरचा राखाडी पतंग

४ ऑगस्ट, सोमवार
पुणे सुटले एकदाचे! औरंगपुऱ्यात खोली झकास मिळाली. ऑफिस दोन दुकाने सोडून, खाली चहावाला. कामही चैनीचे: मराठवाडाभरातून लोक दिव्यावर येणाऱ्या पतंगांचे फोटो पाठवणार, मी बसल्या जागी नावे सांगणार. पहिल्याच दिवशी सत्तर फोटो आले. निम्म्यांत पतंगापेक्षा पाठवणाऱ्याचा अंगठा मोठा. करमाडच्या एका विद्वानाने झुरळ पाठवून खाली ‘दुर्मिळ’ असे लिहिले होते.

६ ऑगस्ट
माझी रीत साधी आहे. पतंगाभोवती चौकोन आखायचा, बाकीचा फोटो कापून टाकायचा. पंख, मिशा, ठिपके, बस्स. लोकांच्या भिंती आणि गोधड्या बघून मला काय करायचंय? मुनिराआपा वीस वर्षं या ऑफिसात आहेत. त्या प्रत्येक फोटोखालचा निरोप मोठ्याने वाचतात. वाचू नका म्हणालो. बिनकामाच्या फोटोंसाठी एकच उत्तर लिहून ठेवलंय: ‘सामान्य पतंग. महत्त्व नाही. पुन्हा पाठवू नये.’ सुट्टीच्या दिवशी ते सगळ्यांनाच आपोआप जाईल. फार समाधान वाटलं.

८ ऑगस्ट
पिशोरच्या कुणा केसरबाईंचा आज पाचवा फोटो. रोज तोच राखाडी पतंग, पंखांवर दोन फिकट ठिपके. पुस्तकातल्या कशाशीच जुळत नाही, म्हणजे फोटोच टाकाऊ. मुनिराआपांनी तरी निरोप वाचलाच: “साहेब, हे बसल्यापासून मालक उठंना झालेत. हाकललं तरी जाईना. काय हाय हे, लवकर सांगा.” मी काय डॉक्टर आहे? ठरलेलं उत्तर पाठवलं.

११ ऑगस्ट, सोमवार
केसरबाई स्वतःच एसटीने आल्या. नवरा, कडुबा, शनिवारी गेला. रडल्या नाहीत. “मी इचारलं व्हतं तुमाला,” एवढंच म्हणाल्या. मी समजावलं की पतंगाला दात नसतात, तो चावत नाही. ऐकून न घेताच गेल्या. अडाणीपणाला औषध नाही.
त्या गेल्यावर मुनिराआपांनी न कापलेले पाचही फोटो माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, “सर, अब तो पूरा फोटो देखो.” भिंत नव्हतीच. पालथ्या पडलेल्या माणसाची उघडी पाठ होती. पहिल्या फोटोत पतंग कमरेशी, पाचव्यात मानेखाली.
असेल. किडे चालतात.

१३ ऑगस्ट
त्याच नंबरावरून पुन्हा फोटो. तोच पतंग, निळ्या चौकडीच्या कापडावर. नवरा जाऊन चार दिवस झाले आणि बाईची हौस फिटत नाही! मुनिराआपांना परवा जाताना केसरबाईंनी सांगितलं म्हणे, तो फोन कडुबाचा होता, त्यांनी तो त्याच्यासोबत सरणावर ठेवला. मग कुणीतरी आधीच सिम काढून घेतलं असेल. या लोकांचं काय सांगावं.
आज कंबर धरली आहे. खुर्ची भिकार.

१४ ऑगस्ट
आणखी एक. या वेळी कापला नाही. निळी चौकडी, खांद्यावर शाईचा डाग. माझा शर्ट. माझी खुर्ची. पतंग पाठीच्या मध्यावर.
माझ्या खुर्चीमागे लगेच भिंत आहे. तिथे उभं राहायला जागाच नाही —
मुनिराआपांना पाठ बघायला सांगितली. पाठीवर काहीच दिसत नाही म्हणाल्या. मग त्यांनी मोबाईलने फोटो काढला. मोबाईल माझ्याकडे वळवलाच नाही. पर्स घेऊन घरी गेल्या.

१६ ऑगस्ट
शर्ट जाळला. उपयोग नाही. आजचा फोटो थेट माझ्या मोबाईलवर आला: उघडी पाठ, पतंग खांद्यांच्या मध्ये. पालथा पडून पुस्तकं चाळतोय. इतक्यांना नावं दिली, याचं एक — भीती वाटते. केसरबाईंचा पत्ता घ्यायला हवा होता. माफी तरी —

१७, रविवार
मानेखाली. पाय उचलत नाहीत. आलेला फोटो ऑफिसच्या नंबरावर पाठवला. खाली लिहिलं, हे बसल्यापासून उठता येत नाही. काय आहे हे, लवकर सांगा.
लगेच उत्तर आलं. कुणीतरी आहे तिथे, देवा, कुणीतरी —
सामान्य पतंग. महत्त्व ना