अण्णांचं हसू

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. नळ गळतोय, मी दुरुस्त करतोय, आणि तो जास्त गळायला लागला की आई हसते. तुझा लग्नांच्या फोटोंचा हंगाम संपला असेल तर भावाला चार ओळी खरडायला हरकत नसावी.

आता मुद्द्याचं. दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर आपल्या अण्णांचा फोटो लागलाय. चांगला पुरुषभर उंच. खिडकीपाशी हसताना तू काढलेला, तोच. खाली स्मरणशक्तीच्या औषधाची बाटली आणि वाक्य, 'आता मला सगळं आठवतं.' शेवटी शेवटी अण्णा मला पोस्टमन समजायचे, तुला ठाऊकच आहे.

आई पिशवी खाली ठेवून बघत राहिली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की विकायच्या आधी पोरीने एकदा विचारायला हवं होतं. मी तुझी बाजू घेतली, पण मनातून मलाही कळेना. तू दिलास का फोटो?

रागावलेला नाही, गोंधळलेला,
तुझा बारक्या

१९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

मी फोटो विकलेला नाही. एवढं आईला वाचून दाखव, मग पुढे वाच.

अण्णा गेल्यावर तो मी माझ्या वेबसाइटवर ठेवला होता, कोपऱ्यात माझं नाव घालून. जाहिरातवाल्यांनी तो कोपराच कापला. फोटो काढला त्या दिवशी अण्णांनी कित्येक महिन्यांनी मला 'चिमणे' अशी हाक मारली होती, आणि ओळखता आलं म्हणून स्वतःच हसले होते. चहा होईपर्यंत पुन्हा विसरले. फोटोत ते कुठे दिसणार?

औषध कंपनीतल्या बाई फोनवर गोड बोलल्या. जाहिरात एजन्सीने केली, म्हणाल्या. एजन्सी म्हणते, फोटो विकणाऱ्या एका संग्रहातून घेतला. संग्रहवाले फोन उचलत नाहीत. वकील म्हणाले, बाजू तुमची खरी आहे, पण निकाल लागेपर्यंत केस पिकतील. मी म्हटलं, निम्मे पिकलेतच. ते हसले नाहीत.

तुम्हा दोघांची,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचा तुझ्यावरचा राग गेला. आता ती तो बसथांबा टाळून लांबच्या रस्त्याने दवाखान्यात जाते.

शेजारच्या काकांचं विसरणं वाढलंय. काकूंनी त्यांच्यासाठी तीच बाटली आणली आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. अण्णांनी हे औषध कधी घेतलंच नव्हतं, असं मी जाऊन सांगितलं. काकूंनी विचारलं, फोटोतले तुझे वडीलच ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ते उभ्या जन्मात आमच्याशी खोटं बोलले नाहीत. 

परवा काका दुपारी बाहेर पडले आणि घर चुकले. आम्ही सगळी आळी पालथी घातली. संध्याकाळी बाजारामागे सापडले, एका पायात चप्पल नाही, गुडघा फुटलेला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. काकू मात्र आमच्याशी बोलत नाहीत. आईला वाईट वाटतं, पण कुणावर चिडायचं ते तिला समजत नाही. मलाही नाही.

तुझा,
बारक्या

२८ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

जाहिरात काढली म्हणे. कंपनीने कळवलंय, मुदत तशीही संपलीच होती. चूक झाली, असा एक शब्द नाही. वकिलांनी आणखी एक नोटीस पाठवलीय. उत्तर येईल असं त्यांनाही वाटत नाही.

अण्णांचा फोटो मी स्टुडिओत, माझ्या टेबलामागे लावलाय. काल एक जोडपं लग्नाचे फोटो ठरवायला आलं होतं. मुलगा बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, की हा तर औषधाच्या जाहिरातीतला फोटो, तुम्ही परवानगी घेऊन लावलाय ना? आणि बारक्या, मी वळून फोटोच्या कोपऱ्यात माझं नाव शोधायला लागले.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ताई