दोन इंचांच्या आतला ओक

९ मार्च २०२१
बेकर्सफील्डहून आमच्या लेकीचा, कॉरीनचा फोन. नवऱ्याशी फिसकटलंय ते आता कायमचं. विचारत होती, आईची शिवणाची खोली रिकामी होईल का, तिला आणि टेसला तेवढी पुरेल. म्हटलं, लेकीला घेऊन खोलीत कशाला कोंडून घेतेस, मागच्या अंगणात तुम्हाला दोन खोल्यांचं स्वतंत्र घर बांधतो. बरं बाबा, एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. आनंदानं असणार.
ख्रिसमसला किल्ली तिच्या हातात. तीस वर्षं ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्यात मी. शेजारी बसून पंधरा मिनिटांत पास की नापास. निर्णय रक्तातच आहे.
आजपासून डायरी रोज.

३० मार्च
नगरपालिकेच्या झाडखात्याच्या मिस कुबोटा येऊन गेल्या. अंगणाच्या मधोमध ओकचं एक झाड आपलं आपण उगवलंय. निळ्या पाखरांनी फळ पुरलं आणि विसरली. माझ्या बायकोनं, लॉरेननं, त्याला काठीचा आधार देऊन तिचा जुना नायलॉनचा मोजा बांधला होता. त्याच वर्षी ती गेली.
रोब्लेडा गावचा नियम असा: छातीच्या उंचीला खोड दोन इंच जाड झालं की ओक गावाचा. मग तोडायला अर्ज, सुनावणी, आणि चहूबाजूंनी पंधरा फूट कुदळ लावायची नाही. माझं अख्खं अंगण त्यातच संपतं. आज खोड दीड इंच. बाई म्हणाल्या की मिस्टर स्ट्राऊड, आज हे झाड तुमचं आहे, ठेवा नाहीतर काढा, फक्त विचार करत बसू नका.
मी काय विचार करत बसणारा माणूस आहे? शनिवारी काढतो.

३ एप्रिल, शनिवार
कंबर.

१७ एप्रिल, शनिवार
आभाळ आलं होतं. पाऊस पडेल म्हणून बाहेर गेलो नाही. पडला नाही.

२४ एप्रिल
करवतीला धार नाही. धार नसलेल्या करवतीनं काम करणं हा झाडावर अन्याय.

१९ जून
मधले दिवस डायरी राहिली, लिहिण्यासारखं काही घडलं नाही. शेजारच्या आर्सेन पेट्रोस्यानने भिंतीवरून जर्दाळू दिले आणि फुकटचा सल्लाही. म्हणाला, साहेब, घर कसलं बांधताय, आतली खोली उघडा, सामान गराजमध्ये टाका, पोरगी रविवारी दारात उभी राहील. लोकांना सगळं सोपं वाटतं. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, तत्त्वाला झोपायला पलंग लागत नाही, पोरीला लागतो.
जर्दाळू गोड होते म्हणे. मला हल्ली चव कळत नाही.

५ जुलै
नगरपालिकेचं माहितीपत्रक आज नीट वाचलं. आपल्याकडचा ओक उन्हाळ्यात कोरडाच ठेवावा, पाणी घातलं तर मुळं कुजून झाड मरतं. ठळक अक्षरांत, दोनदा. म्हणजे करवत नको, कंबर नको. रोज संध्याकाळी पाइप धरायचा. झाड आपल्या मरणानं जाईल आणि मला हात लावावा लागणार नाही. हे सुचायला डोकं लागतं.

१२ ऑगस्ट
पाणी चालू आहे. पानं गडद झालीत. लक्षण वाईट दिसतं. आर्सेनला दाखवलं तर म्हणाला, साहेब, तुमच्यापेक्षा त्याची तब्येत बरी आहे.

२६ नोव्हेंबर
काल थँक्सगिव्हिंग. कॉरीन आणि टेस आल्या, हायवेच्या मोटेलात उतरल्या. टेसला अंगणात नेऊन दाखवलं, इथे तुझी खिडकी, इथे पलंग. ती म्हणाली, आजोबा, पलंगावर झाड आहे. हुशार आहे.
कॉरीन शिवणाच्या खोलीच्या दाराशी उभी होती, हात दाराच्या मुठीवर. मी म्हटलं, टर्की गार होतेय. मग जेवलो.

८ जुलै २०२२
पाण्याचं दुसरं वर्ष. झाड चिवट निघालं. खोड मोजायची टेप शिवणाच्या खोलीत आहे, पण टेप हवीच कशाला? गाडी फुटपाथपासून किती इंचांवर थांबली हे मी बसल्या जागी सांगत असे. दीड इंच, फार तर पावणेदोन.

१४ फेब्रुवारी २०२३
घराचा नकाशा शेवटी नगरपालिकेत दिला. पाहणीला कुबोटाबाई आल्या. टेप त्यांचीच. सव्वादोन इंच.
विचारलं, याला घालता तरी काय? म्हटलं, पाणी. बाई हसल्या. म्हणाल्या, पत्रकातलं ते जुन्या, मोठ्या झाडांसाठी हो, पोरसवदा ओकाला उन्हाळ्यातलं पाणी चांगलं मानवतं. माझं अभिनंदन केलं. इतकी निगा गावात कुणी राखत नाही म्हणे. आता झाड गावाचं. घर नाही. आणि तो मोजा सोडवा म्हणाल्या, खोडात रुततोय.

२० फेब्रुवारी
कॉरीनला फोन केला. सांगितलं, नियमच तसा आहे, नगरपालिकेपुढे आपण काय करणार. ती म्हणाली, असू दे बाबा. बेकर्सफील्डला भाड्याचं घर डिसेंबरातच घेतलंय, टेसची शाळा जवळ आहे. मी म्हटलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस. म्हणाली, तुम्ही खिडक्यांबद्दल इतकं बोलायचात. मग म्हणाली, बाबा, घर मी मागितलंच नव्हतं, खोली मागितली होती. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
मोजा कापायला कात्री हवी होती. कात्री शिवणाच्या खोलीत. दार उघडलं. लॉरेनचं मशीन आणि चार खोकी. बाकी सगळी जमीन मोकळी.
मला वाटत होतं, खोली भरलेली आहे.
कात्री मशीनवरच होती. दार लावून घेतलं. मोजा शनिवारी काढतो.