पृथ्वीगोलाची जागा

४ जानेवारी, रविवार. पहाटे ५.३०

जप आटोपून लिहीत आहे. काल देशगणना मंडळाची सभा दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात झाली. सात सभासद, सगळे साठी ओलांडलेले, आणि विषय एकच : कोण किती देश हिंडला. ज्याची संख्या सर्वाधिक, तो वर्षभर अध्यक्ष. आणि मंडळाचा पृथ्वीगोल वर्षभर त्याच्या घरी. दंतवैद्यांचे देश एकतीस, माझे सत्तावीस. त्यामुळे गोल सलग तिसऱ्या वर्षी त्यांच्या कपाटावर, दातांच्या साच्यांशेजारी आहे. एकीकडे विश्वाची प्रतिमा, तिला खेटून कवळ्या.

मला पदाची आसक्ती नाही. हे एकदाच नोंदवून ठेवतो.

एकतिसावा देश कसा ‘झाला’ ते दंतवैद्यांनी काल सांगितले. आगगाडी सीमेपलीकडच्या एका स्थानकात अकरा मिनिटे थांबली. हे उतरले, दोन केळी घेतली, पुन्हा चढले. झाला देश. बेकरीवाले म्हणाले, केळी घेतलीत म्हणजे व्यापारी संबंधसुद्धा जुळले की. सगळे हसले, टाळ्या पडल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार. ऋषींनी पृथ्वीप्रदक्षिणा सांगितली ती चित्तशुद्धीसाठी, केळ्यांसाठी नव्हे.

संकल्प : या मंडळाला नियमांचे अधिष्ठान देणे. एप्रिलच्या वार्षिक सभेपूर्वी.

५ जानेवारी, सोमवार

संकल्प हिच्या कानावर घातला. ही मटार सोलत होती. म्हणाली, तुम्हाला तो गोल हवाय तर सरळ मागा ना डॉक्टरांकडे, देतील ते, चांगला माणूस आहे. चाळीस वर्षे माझ्या सहवासात काढूनही वस्तू आणि तत्त्व यांतला भेद हिला कळू नये, याचा विषाद वाटला.

मटाराची उसळ बरी झाली होती.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ११

नियमावली पूर्ण. नऊ सूत्रे, प्रत्येकाखाली माझेच भाष्य. सूत्र दोन ओळींचे, भाष्य दोन पानांचे. परंपरा हीच आहे. सार येथे उतरवतो.

पहिले : जन्मभूमी निर्विवाद. दुसरे : अन्य भूमीस स्वतःच्या पावलांचा स्पर्श झालेला असावा, विमानतळ ही भूमी नव्हे. तिसरे : वाहनात बसून पाहिलेला देश म्हणजे भिंतीवरचे चित्र होय. चौथे : त्या भूमीतील एका तरी मनुष्याशी प्रत्यक्ष संवाद झालेला असावा, टूर कंपनीचा गाईड या कामी मनुष्य धरू नये. पाचवे : सोबत्याची साक्ष आवश्यक. सहावे, सातवे, आठवे : कार्यपद्धती. नववे सभासदांच्या सहचरांविषयी. त्यांनी सभेस यावे, खुर्च्या मांडाव्यात, चहा द्यावा. मत देऊ नये आणि बोलू नये. गेल्या वर्षी बेकरीवाल्यांच्या पत्नीने माझे व्याख्यान मध्येच तोडून, चहा निवतोय, असे सांगितले होते.

तिसऱ्या सूत्राने दंतवैद्यांचे कंबरडे मोडेल. कोणाविषयी मनात किल्मिष नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

काल नियमावली एकमताने मंजूर. विरोध होईल म्हणून सव्वीस उत्तरे तयार ठेवली होती, एकही लागले नाही. दंतवैद्य तर खूश. म्हणाले, शास्त्रीबुवा, मंडळाला वळण लावलंत, आम्ही नुसतेच हिंडत होतो. कोंबडी सुरीचे कौतुक करते तसे वाटले.

बेकरीवाल्यांनी विचारले, भांडण झालं तर ते संवादात धरायचं का. मी म्हटले, शब्द तो शब्द. शास्त्राला सूर ऐकू येत नाही. ‘जो कोणी सर्वाधिक देश हिंडला, तो अध्यक्ष’ या सहाव्या सूत्राच्या आरंभावरही त्यांनी शंका काढली. मी समजावले की येथे व्यक्ती गौण आहे, नियम प्रमुख आहे. जो कोणी म्हणजे जो कोणी.

परीक्षक म्हणून मोजणीदारांची नेमणूक झाली. त्यांची हयात सरकारी जमीन-मोजणीत गेली. बांध वीतभर सरकला तरी सख्ख्या भावाला नोटीस काढणारा माणूस. नेमणूक माझ्याच सूचनेवरून.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुताराकडून गोलासाठी बैठक करून घेतली. शिसवी, वर हिरवे मखमली कापड. पोथ्यांच्या कपाटावर ठेवली. आसनावरून डोळे उघडले की समोर पृथ्वी दिसावी, अशी योजना. सुताराने विचारले, वर ठेवायचं काय आहे. सांगितले, पृथ्वी. त्याने माप पुन्हा घेतले.

तेथे हिची बटणांची बरणी होती, ती स्वयंपाकघरात हलवली. प्रत्येक देशातून ही एकेक बटण आणते. जगात वेदशाळा आहेत, ग्रंथालये आहेत, आणि ही शोधते शिंप्याचे दुकान. बरे, स्वतःच्या भाषेखेरीज एक अक्षर येत नाही. मला पाच भाषा अवगत आहेत.

बरणी हलवल्याचे हिला सांगितले. फक्त झाकण घट्ट लावलंत ना, एवढे विचारले.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

स्वतःच्या सत्तावीस देशांचे टिपण काढायला बसलो. औपचारिकता आहे, तरी शिस्त म्हणून.

पहिली टूर, दहा दिवस, सहा देश. गुडघे तेव्हाच धरले होते. बस थांबे, माणसे उतरत, फोटो काढत. मी खिडकीपाशी पोथी वाचत असे. चौदा अध्याय झाले. साक्षीभावाने पाहणे हेच श्रेष्ठ पाहणे. आता तिसरे सूत्र वाहनात बसून ‘पाहण्या’विषयी आहे, मी तर पोथीतून डोळेही वर केले नव्हते, म्हणून ते मला लागू होत नाही.

संवादाची बाजू : त्या भूमींशी माझा मौन संवाद झाला. चौथ्या सूत्राचे भाष्य पुन्हा वाचले. मौनाचा उल्लेख राहून गेला आहे. लेखनिकाचा दोष. लेखनिक मीच होतो.

किरकोळ शंकेचे देश : एकोणीस.

१ मार्च, रविवार

साक्षीसंबंधी हिला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. मोजणीदार विचारतील तेव्हा केवळ ‘होय’ म्हणावे, विस्तार करू नये. ही म्हणाली, जे झालं तेच सांगेन, खोटं बोललं की वाचा विटाळते हे तुम्हीच मला शिकवलंत. मी म्हटले, खोटे बोल असे कोण म्हणतो, सत्याचा संक्षेप कर. ही म्हणाली, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय तुम्ही. आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

शिकवलेले नको तेव्हा आठवणे, हा स्त्रियांचा विशेष असावा.

८ मार्च, रविवार. पहाटे

आनंदाची बातमी, अर्थात अनासक्त आनंद. काल दंतवैद्यांची छाननी झाली. एकतिसाचे बावीस उरले. नऊ विमानतळ गेले.

केळ्यांचा देश मात्र टिकला. केळीवाली म्हणाली होती म्हणे, गाडी सुटेल, सुट्टे राहू द्या, पळा. मोजणीदारांनी निर्णय दिला की पाऊल आहे, माणूस आहे, शब्द आहेत, चारही खुणा जुळतात. तीनच होत्या, पण वाद घातला नाही. बावीस आणि सत्तावीस. वजाबाकी कोणालाही येते.

दंतवैद्य हसत होते. गोल पुसून ठेवतो म्हणाले. पराभव पचवण्याची ही तऱ्हा मला ढोंगी वाटते.

माझी छाननी येत्या शनिवारी, आमच्या घरी.

१४ मार्च, शनिवार. दुपारी ३

मोजणीदार नऊला आले. जेवायला थांबले. दोनला गेले.

जमीन मोजावी तसे मोजतात. प्रत्येक देशाला तोच प्रश्न : शास्त्रीबुवा, इथे खाली उतरलात का, आणि कोण काय म्हणालं. पहिल्यास मी तेथील तत्त्वज्ञानाची परंपरा सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, ते ठीक, पण कोण काय म्हणालं. नंतर हिला बोलावले. हिने पदराला हात पुसत सांगितले : हे बसमध्येच होते. मी म्हटलं, उतरा, पाच मिनिटं पाय मोकळे करा. तर म्हणाले, काय बघायचंय, सगळी माया आहे.

दुसऱ्या देशास : बसमध्ये. तिसऱ्यास : बसमध्ये, पण झोपले होते. आठव्यास बोटीने गेलो होतो, ही बंदरावर उतरली होती, मी बोटीतच खाली. बाराव्यास उतरलो होतो, पण केवळ गाईडशी बोललो. त्याचे उच्चार सुधारले होते. गाईड मनुष्य धरू नये, हे मोजणीदारांनी माझ्याच अक्षरात मला दाखवले.

एक देश वाचला. तेथील हॉटेलात नळ गळत होता आणि व्यवस्थापकाशी माझी पाऊण तास बाचाबाची झाली होती. शब्द तो शब्द. त्यात जन्मभूमी मिळवून एकूण दोन.

मोजणीदार निघताना पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत. बरणीची चौकशी चालली होती.

५ एप्रिल, रविवार

कालची वार्षिक सभा. नोंद करणे भाग आहे.

मोजणीदार उभे राहिले. म्हणाले, नियम ‘जो कोणी’ असा आहे, आणि शास्त्रीबुवांनी स्वतः सांगितलंय की व्यक्ती गौण. मग खिशातून कागद काढून वाचला : सव्वीस बटणे, सव्वीस माणसे, प्रत्येकाचे वाक्य किंवा खूण. जन्मभूमी धरून सत्तावीस. अध्यक्ष म्हणून नाव वाचले ते हिचे.

ही मागे भिंतीशी, ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, अहो, मला भाषण वगैरे जमणार नाही. दंतवैद्य म्हणाले, वहिनी, भाषणं पुष्कळ झाली, तुम्ही बटणं सांगा. ट्रे त्यांनी स्वतः हातातून काढून घेतला आणि तो माझ्याकडे दिला. मी जवळ बसलो होतो म्हणून असेल.

हिने एक बटण सांगितले. मोठे, काळे, पुरुषी कोटाचे. डोंगराळ गावातली म्हातारी शिंपीण. हिने खुणांनी बटण मागितले, तिने खुणांनी विचारले की कशाला. हिने स्वतःच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे, मग बसकडे बोट दाखवले. म्हणजे नवरा बसमध्ये आहे. म्हातारी आत गेली, खुंटीवरचा एक कोट घेऊन आली आणि त्याचे वरचे बटण कातरून हिच्या मुठीत ठेवले. तो कोट आता कोणी घालत नव्हते. मग दोघी पायरीवर बसल्या. बसचा भोंगा वाजेपर्यंत.

बेकरीवाल्यांनी चष्मा पुसला, भावुक माणूस.

घरी येताना हिला विचारले, हे मला कधी सांगितले नाहीस. म्हणाली, सांगितलं होतं, त्याच दिवशी, बसमध्ये चढल्या चढल्या. तुम्ही हाताने थांब म्हणालात. अध्याय संपायचा होता.

कोणता अध्याय ते आठवत नाही.

६ एप्रिल, सोमवार

दंतवैद्य स्वतः गोल घेऊन आले. मी कपाटावरची बैठक दाखवली. ही म्हणाली, इतक्या उंच कोण बघणार, मान दुखेल. गोल स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला, मिक्सरच्या शेजारी, बरणीला लागून. भाजी निवडता निवडता ही तो बोटाने फिरवते.

बैठकीवर आता माझा जुना चष्मा ठेवतो. मखमल उत्तम आहे.

दंतवैद्य जाताना म्हणाले, मंडळ सोडू नका हं बुवा, नियमात सोय आहे तुमची. वर्गणीदार सभासदास किमान पाच देश लागतात, हे आठवे सूत्र, आणि माझे दोन. उरले नववे, सहचरांचे.

३ मे, रविवार. पहाटे ५.३०

काल सभा आमच्या घरी. पाचपासून खुर्च्या मांडल्या. सातांऐवजी अकरा लागल्या, बायकाही ऐकायला येतात. चहा मीच केला. साखर कमी पडली असे बेकरीवाल्यांच्या पत्नीने सांगितले. ती बोलली, नियम मोडून. कोणी हटकले नाही.

हिने आठव्या देशाचे बटण सांगितले. शिंपल्याचे, पांढरे. बंदरावर एक कोळी जाळे शिवत होता, त्याच्या सदऱ्याचे. तो हिला काही तरी विचारत राहिला, पुन्हा पुन्हा तेच, बोटीकडे हात करून. तेवढ्यात मोजणीदारांना खोकला आला, ही त्यांना पाणी द्यायला वळली, आणि परत आल्यावर नवव्या देशाकडे गेली.

त्या बोटीत खाली मी होतो. कोळी काय विचारत होता, हे विचारायचे अगदी ओठावर आले. ट्रे हातात होता. दाराशी उभा होतो.

नववे सूत्र. भाष्यात अपवाद ठेवलेला नाही.

सभा संपल्यावर हिला विचारले. ही दमली होती. म्हणाली, घसा बसलाय, सभेतच सांगेन कधी तरी, तेव्हा नीट ऐका.

कप अकरा धुतले. एकाचा कान गेला.