प्रॉमिस या शब्दाचं वाक्य

आबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो.

कुंडलच्या आपल्या ओसरीत तुम्ही पलटणीत जायला निघालेल्या गड्यांना इंग्रजी शिकवायचात. शाळा सुटली की पाच-सहा जण पोत्यावर येऊन बसत. फळ्यावर रोज एक शब्द असे: रेशन, लीव्ह, सिक, ऑर्डर. अर्थ सांगून झाला की तुमचा नियम यायचा. वाक्य आज आपापल्या घरात घडलेल्या गोष्टीचंच हवं, पुस्तकातलं चालायचं नाही. "खोट्या वाक्यात घातलेला शब्द लक्षात राहत नाही," म्हणायचात. कोणी अडलं की मी चुलीपुढून ओरडायचे, "द बफेलो इज सिक!" एकदा एकजण हसत म्हणाला, "मास्तर, पोरगीलाच धाडा पलटणीत. आमी थापतो भाकऱ्या." तुम्ही केवढे खूश झालात! त्याच दिवशी मला शब्द दिलात: सातवी झाली की साताऱ्याला आत्याकडे राहायचं, हायस्कुलात जायचं.

सातवीत मी पहिली आले आणि औंधहून सोयरीक आली. तुम्ही ओसरीत सहज सांगून टाकलंत, "हिचं शिक्षण झालं आता." मला विचारलंसुद्धा नाहीत. पुढच्याच आठवड्यात फळ्यावर शब्द आला, प्रॉमिस. मी पिठाचे हात धुतले, सगळ्यांच्या देखत खडू उचलला आणि लिहिलं, 'माय फादर ब्रोक हिज प्रॉमिस.'

तुम्ही धोतराच्या सोग्यानं ते पुसता आहात. "नीट वाक्य लिही," म्हणता आहात. मी हलत नाही. मग तुम्हीच लिहिता, 'अ गुड बॉय कीप्स हिज प्रॉमिस.' आबा, हा गुड बॉय आपल्या घरात कुठे राहत होता? त्या गड्यांना तुम्ही रोज खरं बोलायला लावायचात, आणि माझं खरं तुम्हाला क्षणभर फळ्यावर सहन झालं नाही. एक थोबाडीत दिली असतीत तरी मला कमी लागलं असतं. कितीदा तपासलं मी ते वाक्य! त्यात चूक नाही.

परीक्षा मी दिल्या, पण लग्नानंतर, बाहेरून, उशिरा. आणि तुम्ही मात्र पाहुण्यांना सांगत राहिलात, "तिलाच जायचं नव्हतं." ते ऐकून माझं अंग जळायचं.

पण माझं वाक्य पुसलंत त्या संध्याकाळी आई माझ्याशेजारी येऊन बसली होती. "काय लिवलंस गं? ते येवढं का चिडलं?" मी सांगितलं नाही. ती हळूच म्हणाली, "साताऱ्याला जायाचं हाय का तुला? सांग. मी बोलते त्यांच्याशी. लय तर काय, चार दिस बोलायचे न्हाईत माझ्यासंगं." तिनं तुमच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. आणि मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्याकडून आता काही मागून घ्यायचं नव्हतं, तिच्या तोंडूनसुद्धा नाही.

"न्हाई जायाचं मला," मी म्हटलं.

तिनं ते तुम्हाला सांगितलं असणार. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिता येतंय: मी तसं म्हटलं होतं.