सरूबाईंचं थांबणं

तेलगाव, बुधवार, संध्याकाळ

संताप अजून उतरलेला नाही.

वर्गातल्या मुलींना सांगितलं होतं, घरातल्या कुणाचं तरी गाणं आणा आणि ते तसं का, हे विचारा. रोहिणीने आजीचं, सरूबाईंचं, गाणं मोबाइलवर आणलं. सरूबाई प्रत्येक ओळीनंतर थांबतात, ते थांबणं हिने कापून टाकलेलं. "मॅडम, आजी विसरती. पोरी हसतील." संगीत शिकवणाऱ्या सरांनी वर शाबासकी दिली म्हणे! कान आहेत की भजी?

माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरही आम्हाला गाताना श्वास लपवायला शिकवायच्या. श्वासाची कसली लाज?

आज आजी-नात माझ्या घरी आल्या. ते कापलेलं गाणं ऐकून सरूबाईंचं तोंड उतरलं. "हे माझं न्हाई. मी थांबते तिथं उसाची मोळी उचलते. ती डोक्यावर चढंस्तोवर गाता येतं व्हय, बाई?"

"आता कुठंय मोळी, आजे?" रोहिणी म्हणाली. खरंच आहे, दुष्काळाने ऊस गेला, कारखाना बंद आहे.

"गाण्यात हाय की."

रोहिणीने मोबाइल पुढे धरून गाणं नव्याने घेतलं. आजी थांबली तेव्हा पोरीची मान आपोआप ताठ झाली, ओझं घेतल्यासारखी.

उद्या वर्गात कुणी हसून दाखवाच.